भेकड म्हणून गोळी, नव्वद वर्षांनी माफी

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ याच नावाने ओळखले जाते. घरटी एक तरी माणूस सैन्यात, ही इथली परंपरा पहिल्या महायुद्धापर्यंत मागे जाते. महाराष्ट्रात अशी आणखीही गावे आहेत. काही गावांत इंग्रजांनी बसवलेला संगमरवरी फलक अजून पाहायला मिळतो. त्यावर दोन आकडे असतात. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतली किती मरण पावली.

पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरतात ती परत आलेली माणसे. त्यांच्याविषयी फलक काही बोलत नाही. हातपाय शाबूत घेऊन आला म्हणजे माणूस सुखरूप आला, अशी तेव्हाची समजूत होती. तो रात्री दचकून उठत असेल, कुणाशी बोलत नसेल, तर तो त्याचा स्वभाव. ही समजूत केवळ खेड्यांतली नव्हती. लंडनच्या डॉक्टरांचीही तीच होती.

फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मायर्स या डॉक्टरने तीन सैनिकांची हकीकत छापली. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची नजर, स्मृती, वास आणि चव यांत बिघाड झाला होता, पण शरीरावर त्याला साजेशी जखम नव्हती. मायर्सने शीर्षकात शब्द वापरला ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का. स्फोटाच्या लाटेने मेंदूला मुका मार बसत असावा, हा तेव्हाचा अंदाज. मात्र पुढे असे कितीतरी सैनिक आले, ज्यांच्या आसपास एकही गोळा फुटला नव्हता. शब्द चुकला हे मायर्सलाही कळले, पण तोवर तो सर्वांच्या तोंडी बसला होता. युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८० हजारांवर गेली.

त्यांतला एक हॅरी फार. १९१५ मध्ये तो शेल शॉकसाठी काही महिने रुग्णालयात होता. हात इतके थरथरत, की घरी पाठवायचे पत्र नर्सला लिहून द्यावे लागे. तो पुन्हा आघाडीवर गेला. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत त्याने पुढे जायला नकार दिला. लष्करी न्यायालयात त्याचा बचाव करायला कुणी नव्हते, तो त्याने स्वतःच केला. १८ ऑक्टोबर १९१६ च्या पहाटे भेकडपणाच्या आरोपाखाली त्याला त्याच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. वय २५.

पुढचे त्याच्या घरात घडले. विधवेला निवृत्तिवेतन नाकारले गेले. तीन वर्षांच्या मुलीला बाप कसा गेला हे सांगण्याची सोय नव्हती. ती मोठी होऊन बराच काळ लोटल्यावर तिला खरे कळले. बायकोने जे लाजेने लपवले, त्यासाठी मुलगी आणि नात सरकारशी भांडल्या. २००६ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून पळून जाणे, भेकडपणा अशा गुन्ह्यांसाठी मारल्या गेलेल्या ३०६ सैनिकांना माफी दिली. तेव्हा त्या मुलीने नव्वदी ओलांडली होती. एकाच घटनेकडे तीन पिढ्यांनी तीन प्रकारे पाहिले. मधल्या काळात शास्त्र तर बदललेच, पण त्याहून जास्त युद्धाकडे पाहण्याची दृष्टी बदलली.

डॉक्टरांची भूमिका या काळात फार अभिमानाने सांगावी अशी नाही. वाचा गेलेल्या साध्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलते करणारा लुईस यीलंड लंडनच्या नामांकित रुग्णालयातलाच. एडिंबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स मात्र अधिकाऱ्यांशी तासन्‌तास बोलत बसे. भीती दाबून टाकायला शिकवणे हेच आजाराचे मूळ आहे, असे त्याचे मत. सीगफ्रीड ससून हा कवी त्याचा रुग्ण, आणि त्याच रुग्णालयात विल्फ्रेड ओवेनही होता. दोघेही बरे होऊन पुन्हा लढाईवर गेले. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना मारला गेला. रुग्णाला बरे करायचे ते पुन्हा तोफेच्या तोंडी द्यायला, हा पेच रिव्हर्सला जाचत राहिला.

भारतीय सैनिकांच्या वाट्याला तर संशयच आला. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या अनेकांच्या हाताला गोळ्या लागलेल्या होत्या. घरी जाता यावे म्हणून त्यांनी स्वतःच गोळी झाडून घेतली, अशी कुजबुज अधिकाऱ्यांत सुरू झाली. ब्रायटनच्या किचनर रुग्णालयात कर्नल ब्रूस सीटन या डॉक्टरने १,००० जखमा एकेक करून तपासल्या आणि संशयाला आधार नसल्याचा निष्कर्ष काढला. खंदकातून बंदूक चालवताना हातच वर येतो, तर गोळी तिथेच लागणार. मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात अडकलेल्या पूना डिव्हिजनमधील मराठा पलटणींनी तर त्याहून भयंकर पाहिले. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर कैदेत गेलेल्यांपैकी असंख्य परतले नाहीत. जे परतले, त्यांच्या झोपेची विचारपूस करणारा सीटन त्यांना मिळाला नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. दुबळ्या मनाचे तरुण भरतीतच गाळले तर प्रश्न मिटेल, या हिशेबाने लाखोंना मानसिक कारणांवरून परत पाठवले. तरीही आघाडीवरून मन कोसळलेले सैनिक येतच राहिले, तेही निवडून घेतलेले. तेव्हा कुठे लष्कराने मान्य केले की पुरेसा काळ मृत्यूच्या छायेत ठेवले तर कोणीही माणूस मोडू शकतो. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीत जनरल पॅटनने रुग्णालयात दोन सैनिकांना भित्रे म्हणून थपडा मारल्या. त्यांतल्या एकाला मलेरियाही होता. आयझेनहॉवरने पॅटनला माफी मागायला लावली. हॅरी फारला जाऊन २७ वर्षेही झाली नव्हती, आणि आता एका थपडेवरून गदारोळ होत होता. पॅटनचे बरोबरच होते म्हणणारेही पुष्कळ होते, हेही सांगायला हवे.

पण ही कबुली लष्कराला जाहीर नको होती. दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनने १९४६ मध्ये लष्करासाठीच अशा रुग्णांवर माहितीपट केला, तो लष्कराने तीन दशकांहून अधिक काळ दाबून ठेवला. १९४५ ला मिरवणुकीने परतलेल्या पिढीने घरी तोंड मिटले. जिंकलेल्या युद्धाविषयी तक्रार करायची कशी?

त्यांच्याच मुलांना व्हिएतनामला पाठवले गेले. ही मुले एकेकटी, विमानाने, लढाईतून थेट घरी येत, आणि घर असे की तिथे युद्धाविरुद्ध मोर्चे निघत होते. कौतुक नाही म्हणून गप्प बसण्याचे कारणही नाही. न्यूयॉर्कमध्ये माजी सैनिक गटाने बसून बोलू लागले. रॉबर्ट जे लिफ्टन आणि चाइम शटन हे मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यात बसले, तेही उपचारक म्हणून कमी आणि ऐकणारे म्हणून जास्त. त्या रेट्यामुळे १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, हे नाव दाखल झाले. हा आजार प्रयोगशाळेत सापडलेला नाही. रुग्णांनी भांडून तो पुस्तकात आणला. नंतर झालेल्या मोठ्या पाहणीत व्हिएतनामला गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना तेव्हाही हा त्रास होता, तर आयुष्यात कधी ना कधी झालेले ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांना तो जडला नाही, हेही लक्षात ठेवावे. मुलांनी मिळवलेल्या या नावाचा लाभ पुढे बापांनाही झाला. दुसऱ्या महायुद्धातले वृद्ध सैनिक निवृत्तीनंतर दवाखान्यात येऊन प्रथमच बोलू लागले.

या आजारात शरीरात काय होते? धोका ओळखून गजर वाजवणारा मेंदूचा भाग म्हणजे अमिग्डाला. एखाद्या आठवणीवर कधी, कुठे असा शिक्का मारण्याचे काम हिप्पोकॅम्पसचे. पराकोटीच्या भीतीत गजर जोरात वाजतो, पण शिक्का नीट उमटत नाही. त्यामुळे ती घटना ‘तेव्हा घडली’ अशी न आठवता ‘आत्ता घडते आहे’ अशी भोगली जाते. दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटला की छाती धडधडते, घाम फुटतो, हात शस्त्र शोधू लागतो. वाईट स्वप्ने, आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, सतत सावध राहणे, चिडचिड, आपल्याच माणसांपासून तुटल्यासारखे वाटणे हे सारे महिन्याहून जास्त टिकले तर निदानाचा विचार होतो. गंमत म्हणजे मायर्सचा पहिला अंदाजही पूर्ण खोटा नव्हता. स्फोटांना सामोरे गेलेल्या काही सैनिकांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी अमेरिकी संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात खास ठिकाणी व्रणासारखे बदल दिसले.

उपचार आहेत, आणि त्यांचा उपयोग होतो. आठवणीला सुरक्षित वातावरणात, प्रशिक्षित व्यक्तीसोबत टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याची मानसोपचार पद्धत सर्वांत खात्रीची. सर्ट्रालिनसारखी औषधेही दिली जातात. झोपेसाठी परस्पर घेतलेल्या गोळ्या आणि दारू मात्र आजार लांबवतात. घटना घडल्याबरोबर माणसाला बसवून सगळे बोलून टाकायला लावण्याचा प्रकार चांगल्या हेतूने होतो, पण एका बैठकीत उरकलेल्या अशा बोलण्याचा फायदा होत नाही, उलट काहींना त्रास होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. ऐकायला कोणी आहे एवढे त्याला कळणे पुरे.

आपल्याकडे सैनिकाला आज भित्रा कोणी म्हणत नाही. वीर म्हणतात. पण वीराने झोप येत नाही अशी तक्रार करायची नसते, त्यामुळे परिणाम बराचसा तोच. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत असा माणूस बहुधा बायको किंवा सून घेऊन येते. केसपेपरवर ‘झोप नाही, चिडचिड, दारू’ असे लिहिले जाते. व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’. पेन्शन सुरू होऊन दहा वर्षे झालेली असतात, त्यामुळे त्याआधीची सीमेवरची १७ वर्षे कुणी सांगत नाही आणि गर्दीत डॉक्टरही विचारत नाहीत. घरच्यांनी ती आवर्जून सांगावीत, कुठे आणि कोणत्या साली होते तेही. माजी सैनिकांना ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले जाते, आणि ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पहिला फोन घरच्यांनी केला तरी चालतो.