पाएया, अदोबो आणि तळाची खरवड

फिलिपाइन्समधील सेबू किंवा बोराकाय बेटावर सुटीसाठी गेलेल्या पर्यटकाला मुक्कामात कधी ना कधी एखादे स्पॅनिश रेस्तराँ गाठावेसे वाटतेच. बाहेर नारळाची झाडे, दमट खारा वारा आणि आत मेन्यूकार्डावर थेट माद्रिदची नावे! आशियातल्या बेटावर युरोपचे हे जेवण कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. पण येथे ते पर्यटकांसाठी आणलेले नवे कौतुक नाही. मॅगेलन १५२१ मध्ये सेबूला पोहोचला, लेगास्पीने १५६५ मध्ये तेथे स्पेनची पहिली वसाहत केली आणि १८९८ पर्यंत या बेटांवर स्पेनचा अंमल राहिला. देशाचे नावही स्पेनच्या दुसऱ्या फिलिपवरूनच पडले आहे.

जून २०२५ मध्ये भारतीय पर्यटकांना १४ दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेशाची सवलत मिळाल्यापासून मराठी प्रवाशांनाही हा देश जवळचा वाटू लागला आहे. मात्र तेथील स्पॅनिश मेन्यूकार्ड वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्यावर दोन वेगवेगळी स्वयंपाकघरे एकत्र नांदत असतात. काही पदार्थ स्पेनहून जसेच्या तसे आलेले, तर काही तेथून निघून तीन-चार शतके बेटांवर राहिलेले. नावे दोन्हींची स्पॅनिशच. वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत भेद करण्यासारखे काही नसते, त्यामुळे तो समजावूनही सांगत नाही. फसगत होते ती इथे.

पाएयाचेच उदाहरण घ्यावे. हा शब्द मुळात भांड्याचा. दोन कानांच्या, पसरट, उथळ कढईला पाएया म्हणतात आणि तीत शिजणाऱ्या भातालाही तेच नाव मिळाले. स्पेनमधील व्हॅलेन्सिया परिसरात तो शेतावरच्या लोकांचा दुपारचा भात होता. ससा, कोंबडी, फरसबी आणि रुंद पांढरा घेवडा हे त्याचे जुने घटक. कोळंबी आणि शिंपल्यांचा पाएया हा किनाऱ्यावरचा अवतार. तांदूळ आखूड आणि गोलसर, भरपूर रस पिऊनही न फुटणारा. बासमतीचा मोकळा, लांब दाणा येथे शोधू नये.

या भाताचा मुख्य नियम असा, की रस्सा ओतून तांदूळ पसरला की पुन्हा पळी घालायची नाही. ढवळले की पीठ सुटते आणि त्याची खिचडी होते. न ढवळल्यामुळे तळाशी पातळ, कुरकुरीत, करपण्याच्या जरा अलीकडे थांबलेला थर धरतो. त्याला ‘सोकारात’ म्हणतात. मराठी घरांत पातेल्याच्या तळाची खरवड ज्यांनी आवडीने खाल्ली आहे, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. फरक इतकाच, की आपल्याकडे ती पाहुण्यांपुढे येत नाही, आणि तिकडे तिच्यावरूनच स्वयंपाक्याची परीक्षा होते. हा भात मागणीनंतरच चढवला जातो आणि बहुधा किमान दोघांसाठी. अर्धा तास सहज जातो. दहा मिनिटांत पुढ्यात आलेला पाएया आधीच शिजवून ठेवलेला आहे, असे खुशाल समजावे.

त्याच कार्डावर ‘आरोस आ ला वालेन्सियाना’ दिसला तर मात्र अपेक्षा बदलावी. नाव व्हॅलेन्सियाचे असले तरी हा बेटांवरचा सणासुदीचा भात आहे. चिकट तांदूळ, टोमॅटो, मटार, बेदाणे, चोरिसो, वर उकडलेल्या अंड्यांच्या फोडी, काही ठिकाणी नारळाचे दूधही. तो मऊ आणि ओलसरच असतो. खरवड नाही म्हणून तो परत पाठवणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

रंगाची गोष्ट तर अधिकच रंजक. स्पेनमध्ये पाएयात केशर पडते. बेटांवर ते महाग आणि दुर्मिळ, म्हणून पिवळा-केशरी रंग आणायला दोन पर्याय आले. एक शेंद्रीच्या बिया. हे झाड मूळचे अमेरिकेतले. मेक्सिकोतील आकापुल्को आणि मनिला यांच्या दरम्यान १५६५ ते १८१५ पर्यंत गलबतांची ये-जा होती, त्या संपर्कातून ते आले. दुसरा पर्याय ‘कासुभा’ नावाच्या वाळलेल्या पाकळ्या. हा कासुभा म्हणजे संस्कृतातला कुसुम्भ, अर्थात आपली करडई. शब्द मलय भाषेतून तेथवर पोहोचला. सोलापूरच्या रानातले फूल मनिलात केशराची जागा चालवते! रंग येतो, पण केशराचा सुगंध येत नाही. केशराचा दर लावला असेल तर हा फरक विचारून घ्यावा.

अदोबोचीही अशीच कथा. स्पेनमध्ये अदोबो म्हणजे लाल मिरचीपूड, लसूण आणि शिरक्यात मुरवणे. बेटांवरचे लोक शिरक्यात मांस शिजवत होतेच; स्पॅनिशांनी त्याला आपल्या ओळखीचे नाव दिले, इतकेच. पुढे त्यात चिनी सोया सॉस मिसळला. तेथे माडीचा शिरका वापरतात, हे गोमंतकीयांना ओळखीचे वाटेल. पोर्तुगिजांच्या वाइन-लसणाच्या मुरवणाचे गोव्यात विंदालू झाले, तेव्हा वाइनची जागा माडीच्याच शिरक्याने घेतली होती.

शाकाहारी मंडळींनी विशेष सावध राहावे. मांसाचे तुकडे नसले की पदार्थ शाकाहारी, अशी समजूत तेथे सर्रास आढळते. भाज्यांचा पाएया मासळीच्या किंवा कोंबडीच्या रश्शात शिजलेला असू शकतो. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ही निव्वळ आवडीनिवडीची बाब उरत नाही. साध्या भाजीतही ‘पातीस’, म्हणजे मासळीचे खारे पाणी, पडते. म्हणून ‘व्हेज आहे का’ असे न विचारता ‘रस्सा कशाचा, पातीस आहे का, डुकराचे मांस आहे का’ असे नेमके विचारावे. ‘कायोस’ म्हणजे आतड्या-वजडीचा रस्सा आणि ‘लेंग्वा’ म्हणजे बैलाची जीभ, हेही माहीत असलेले बरे. टोमॅटो-काकडीचे थंड सूप गास्पाचो, टोमॅटो चोळलेला पाव आणि अंडे चालत असल्यास बटाट्याचे जाड ऑम्लेट ‘तोर्तिया’ यांवर पोट नीट भरते. गास्पाचोवर हॅमचे तुकडे पेरू नका, एवढे सांगून ठेवावे.

शेवटी ‘लेचे फ्लान’ मागवण्यास हरकत नाही. हे आपले कॅरॅमल कस्टर्डच, पण अंड्यांच्या भरपूर पिवळ्या बलकांचे आणि लंबगोल डब्यात वाफवलेले, त्यामुळे कितीतरी दाट. जुन्या चर्चच्या बांधकामात चुन्यात अंड्याचा पांढरा भाग घालत, उरलेल्या बलकांतून ही गोडी जन्मली, असे बेटांवर आवडीने सांगितले जाते. वाढप्याला थोडा वेळ असेल, तर ही गोष्ट तो स्वतःहून सांगतो.