यादीचा खेळ (९) : उघड्यावर राहिलेला पिचर

  भिलाईतल्या सुपेल्याच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न चार दिवस माझी पाठ सोडत नाहीये. मुलाबरोबर त्यांनी ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा संगणकावर संघ चालवायचा खेळ खेळायला घेतला, संघ निवडला बोस्टन. पहिला हंगाम पार पडला, डिसेंबर आला, आणि मायनर लीगमधला त्यांचा एक गुणी पिचर एका सकाळी नाहीसा झाला. त्याची अदलाबदल केली नव्हती, त्याला सोडलं नव्हतं, करारही संपला नव्हता. ‘आमचा मुलगा त्यांनी परस्पर नेला कसा?’ असं ते विचारतात.

नेला तो पाचव्या नियमाने. त्यात गूढ काही नाही, मेजर लीगच्या नियमावलीतला तो पाचव्या क्रमांकाचा नियम. नवख्या मुलांची निवड (ड्राफ्ट) चौथ्याने होते, ही पाचव्याने. सव्वीसची यादी (सामन्यात उतरू शकणारे) आणि चाळीसची यादी (ते सव्वीस धरून संघाने राखलेले) आपण दोन आठवडे घोळवली, पण चाळीसच्या यादीचं खरं काम मी तेव्हा सांगितलं नाही. ती यादी म्हणजे अभय आहे. १८ किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्या मुलाला करारानंतरच्या पाचव्या अशा ड्राफ्टपर्यंत कोणी हात लावू शकत नाही. करार १९ किंवा त्याहून जास्त वयात केला असेल तर चौथ्यापर्यंत. त्यानंतर तो चाळीसच्या यादीत नसेल तर उघडा पडला. खऱ्या लीगमध्ये १ लाख डॉलर भरून कोणताही संघ त्याला उचलू शकतो. मात्र उचलणाऱ्याच्या चाळीसमध्ये जागा रिकामी हवी, आणि आधी हात घालायचा मान तळाच्या संघांना.

हा नियम मला फार प्रिय आहे. श्रीमंत संघांनी पोरं खालच्या लीगमध्ये कोंडून ठेवू नयेत म्हणून तो आला. मुलांची साठवण करायची ही ‘फार्म’ पद्धत ज्याने सेंट लुइसला उभी केली तो ब्रँच रिकी, आणि या नियमाचा इतिहासातला सगळ्यात मोठा लाभही त्याच्याच पदरात पडला. १९५४ साली रिकी पिट्सबर्गचा कारभार पाहत होता. संघ तळाला. त्याने आपला प्रशिक्षक क्लाइड सुकफोर्थ याला पाठवलं ते ब्रुकलिनच्या, मायनर लीगमधल्या मॉन्ट्रियल संघातला पिचर जो ब्लॅक पाहायला. सुकफोर्थची नजर खिळली ती आउटफिल्डमधून चेंडू फेकणाऱ्या एका विशीच्या पोरावर. रोबेर्तो क्लेमेंते. ब्रुकलिनने त्याला १० हजार डॉलर बोनस दिला होता, आणि तेव्हाच्या नियमाने ४ हजारांवर बोनस घेतलेला मुलगा मुख्य संघात नसेल तर ड्राफ्टला उघडा राहायचा. मॉन्ट्रियलने त्याला हंगामभरात ८७ सामने दिले, पण बॅट धरायची संधी जेमतेम १४८ वेळा. इतरांच्या नजरेपासून लपवला, असं बरेच जण म्हणतात. काही अभ्यासकांना ते पटत नाही. २२ नोव्हेंबर १९५४ला पिट्सबर्गने पहिल्याच क्रमांकावर ४ हजार डॉलरमध्ये तो उचलला. पुढची १८ वर्षं तो तिथेच खेळला आणि त्याचे ३००० हिट भरले.

मी माझ्या खेळात पिट्सबर्ग घेतलं तेव्हा क्लेमेंतेचं नावही मला ठाऊक नव्हतं. पोलादाचं शहर, एवढ्यावरच निवड केली. भिलाईत वाढलेला माणूस दुसरं काय घेणार? २००८च्या नोव्हेंबरात रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या आपल्या दोन मुलांशी करार करणारा संघही हाच, हे कळलं तेव्हा तर फारच बरं वाटलं.

मराठी वाचकाला हा नियम समजावताना मला हटकून भिलाईत जन्मलेला क्रिकेटपटू शशांक सिंग आठवतो. १९ डिसेंबर २०२३, दुबईतला आयपीएल लिलाव. पंजाबने २० लाखांना बोली लावली, हातोडा पडला, आणि मग नावाचा घोळ झाल्यासारखं त्यांच्या टेबलावर दिसलं. लिलाव चालवणाऱ्या मल्लिका सागर यांनी सांगितलं की हातोडा पडलाय, खेळाडू तुमचा. आम्हाला हवा होता तो हाच, असा खुलासा संघाने नंतर केला. ४ एप्रिलला अहमदाबादेत त्याने गुजरातविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ६१ काढून सामना जिंकून दिला, आणि पुढच्या हंगामासाठी पंजाबने त्याला साडेपाच कोटींना राखलं. लिलाव आणि पाचवा नियम या वेगळ्या गोष्टी आहेत, मान्य. पण एकदा नाव लागलं की जागा द्यावीच लागते, आणि जागा मिळाली की खेळाडू काय आहे ते उभ्या जगाला दिसतं, हे दोन्हीकडे सारखंच.

बेसबॉलमध्ये ही जागा फार महाग पडते. उचललेला पोरगा पुढचा अख्खा हंगाम सव्वीसमध्ये ठेवावा लागतो, मायनरला धाडता येत नाही. दुखापतीच्या यादीतही दडवता येत नाही, कारण किमान ९० दिवस तो प्रत्यक्ष संघात असावा लागतो. त्यातून पिचरची मर्यादा १३. म्हणजे तेरांतला एक कच्चा, आणि भार उरलेल्या बारांवर. मी एका हंगामात असा एक डावखुरा सांभाळला. सात-आठ धावांनी मागे असलो की त्याला उतरवायचो. जुलैत दोन पिचर दुखावले तेव्हा एका संध्याकाळी तासभर यादीसमोर बसून होतो. ठेवला शेवटी.

तेव्हा आपली मुलं वाचवायची ती नोव्हेंबरातच, मुदत सरायच्या आत. चाळीसच्या यादीत तिशी ओलांडलेला, पुन्हा बोलावणार नाही असा इनफिल्डर केवळ सवयीने बसलेला असतो. त्याला आधी मोकळा करा. सगळी पोरं राखायचा हट्टही नको. विशीचा कॅचर गुणी असला तरी त्याला वर्षभर सव्वीसमध्ये बसवणं कोणालाच परवडत नाही, म्हणून तो बहुधा वाचतो. मी आधी राखतो तो ट्रिपल-एपर्यंत, म्हणजे मायनरच्या सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत पोचलेला, जोरात फेकणारा पिचर. एखाद-दुसऱ्या इनिंगपुरता तो कुठल्याही संघात खपतो. पत्र लिहिणाऱ्या वाचकांचा पिचर नेमका तसाच होता.

त्यांनी अजून आशा सोडू नये. ज्या संघाने नेलाय त्याच्या सव्वीसच्या यादीवर रोज नजर ठेवावी. त्या संघाला जागा रिकामी करावीच लागली तर पोरगा आधी वेव्हरवर जातो, म्हणजे बाकीच्या संघांना घेण्यासाठी खुला होतो, तिथे कोणी घेतला नाही तर निम्म्या किमतीला मूळ संघाला परत देऊ करावा लागतो. मे महिन्यात, पिचर दुखावू लागले की, हे बरेचदा घडतं. माझ्याकडे असे दोघे परत आले. त्यांतला एक या हंगामात माझ्यासाठी सलामीच्या सामन्यात उतरला.