कोपर सुटतं, कंबर सापडते

बेसबॉल खेळणाऱ्या मुलांचं कोपर दुखतं, आपल्या वेगवान गोलंदाजांची कंबर. हा फरक मुख्यतः खेळाच्या नियमातून येतो. बेसबॉलच्या फेकीत वाकलेलं कोपर झटक्यात सरळ होतं. कोपराच्या टोकाचं हाड दंडामागचा स्नायू ओढतो आणि ते दंडाच्या हाडामागच्या खोबणीत आपटतही राहतं. अशा असंख्य फेकींनंतर हाडाला बारीक चीर पडते, ते स्ट्रेस फ्रॅक्चर. 2014मध्ये जपानी शल्यविशारदांनी 200 बेसबॉलपटू तपासून या चिरांचे पाच प्रकार पाडले.

क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ केलं, तर गोलंदाजी अवैध ठरते. मग वेग येतो धाव, रोवलेला पुढचा पाय आणि मागे-बाजूला वाकणारी कंबर यांतून. पाय रोवताच शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का वर चढतो. उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या कमरेत तो बहुधा खालच्या दोन मणक्यांच्या डाव्या बाजूला बसतो. किशोरवयात मणक्याचं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. कमरेच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनं जसप्रीत बुमराहलाही 2019 आणि 2022मध्ये मैदानाबाहेर बसवलं.

कमरेच्या या दुखण्याच्या पायऱ्या एमआरआयवर वाचता येतात. पहिल्या श्रेणीत हाडात फक्त सूज असते, कवच अखंड. दुसरीत अर्धवट चीर, तिसरीत आरपार चीर आणि सूज. चौथीत सूज ओसरलेली, चीर मात्र कायम; ती सांधण्याची आशा फार कमी. पहिल्या श्रेणीतली सूज एक्स-रेवर दिसतच नाही. नेमकी तेव्हाच गोलंदाजी थांबवली, तर हाड सहसा पूर्ववत होतं.

कल्याणचा वेगवान गोलंदाज तुषार देशपांडे 2024मध्ये भारताकडून खेळला. ठाणे-डोंबिवलीच्या नेटमध्येही वेगाची स्वप्नं पाहणारी मुलं कमी नाहीत. शाळेचा संघ, क्लब आणि सुट्टीतले टेनिस बॉलचे सामने असं तिन्हीकडे खेळणाऱ्या मुलाची षटकं प्रत्येक प्रशिक्षक आपल्यापुरतीच मोजतो. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं 15 वर्षांखालील वेगवान गोलंदाजांना एका स्पेलमध्ये 6 आणि दिवसाला 12 षटकांची मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे हा हिशेब घरच्यांनीच ठेवलेला बरा, नेटमधले चेंडूही धरून. आणि चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूची कंबर मागे वाकताना दुखत राहिली, तर ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर मुलाला पुन्हा रनअपवर पाठवू नये. हाडांच्या डॉक्टरांना एमआरआयबद्दल विचारावं.