भाजलेल्या सॅमनची बाजू
घरच्या ओव्हनमध्ये जग : लेखांक ६

तळाशी सुशीसाठी करतात तसा आंबटगोड भात, त्यावर मेयोनेजमध्ये कालवलेला सॅमन; हे ओव्हनमध्ये भाजायचं आणि नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशैवालाच्या, तुकड्यात घेऊन खायचं. ‘सुशी बेक’ नावाचा हा प्रकार हवाईत रुळला आणि २०२०च्या टाळेबंदीत फिलिपीन्समध्ये घराघरांत पोहोचला. त्यावरचा नेहमीचा आक्षेप असा, की सुशी म्हणजे कच्चा मासा. तो भाजला की उरते ती नक्कल. सॅमनपुरता तरी हा आक्षेप टिकत नाही. सॅमन भाजून खाणं हेच जपानच्या जुन्या रीतीला धरून आहे, आणि घरच्या स्वयंपाकात तेच शहाणपणाचंही आहे.

जपानमध्ये सॅमन पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला गेला तो खारवून आणि भाजून. पॅसिफिक समुद्रातल्या सॅमनमध्ये अनिसाकिस नावाचे कृमी आढळतात, म्हणून तो कच्चा खाणं टाळत. होक्काइदोतल्या ऐनू लोकांचा ‘रुइबे’ हा अपवाद, पण तोही आधी गोठवलेला. सुशीवर कच्चा सॅमन आला तो १९८०च्या दशकात नॉर्वेने आपल्या मत्स्यशेतीतल्या माशासाठी जपानी बाजारपेठ मिळवायची मोहीम काढल्यानंतर. तयार खाद्यावर पोसलेल्या त्या माशात कृमींचा धोका नगण्य होता. म्हणजे जिला आपण परंपरा समजतो ती जेमतेम चाळीस वर्षांची आहे. शिवाय कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवावा, असा युरोपीय नियम आहे. घरचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर चालतो. उलट मासा आतपर्यंत ६३ अंशांना तापला, की कृमींची चिंता मिटते.

मासा भाजणं मान्य केलं तरी मेयोनेज आणि ओव्हन जपानी कसे, असं कुणी विचारील. जपानमध्ये क्यूपी मेयोनेज १९२५पासून विकलं जातं. १९३०च्या सुमारास योकोहामाच्या हॉटेल न्यू ग्रँडमध्ये साली वाइल या स्विस आचाऱ्याने भातावर पांढरा सॉस आणि चीज घालून भाजलेला ‘दोरिआ’ केला; आज तो जपानमधल्या साध्या रेस्तराँमध्येही मिळतो. तेव्हा भात ओव्हनमध्ये घालणं त्या देशाला परकं नाही. मेयोनेजला इथे कामही आहे: त्यातल्या तेलामुळे मासा दुसऱ्यांदा भाजताना कोरडा पडत नाही.

पदार्थाची खरी कसोटी भातात आहे. जपानी आखूड तांदळात अमायलोज कमी असतं, म्हणून शितं एकमेकांना धरून राहतात. बासमतीचा मोकळा भात इथे उपयोगाचा नाही. महाराष्ट्रात त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे चिकट शिजणारा इंद्रायणी. फक्त पाणी बेताचं घालावं. दोन वाट्या तांदळाला पाव वाटी तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर आणि एक छोटा चमचा मीठ विरघळवून घ्यावं आणि भात गरम असतानाच, शितं न मोडता कालवावं. निवलेला भात ते नीट शोषत नाही. ४०० ग्रॅम सॅमनला मीठ लावून २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजावा, काट्याने सुटा करावा आणि तीन मोठे चमचे मेयोनेज व थोडा सोया सॉस घालून भातावर पसरावा. वरून लालसर होईपर्यंत पुन्हा दहा मिनिटं पुरतात. नोरी मात्र ओव्हनमध्ये घालू नये. भाताच्या वाफेने ती लिबलिबीत होते. ती वाढताना बाजूला द्यावी.

सॅमन महाग आहे, मग रावस का नको? जरूर घ्यावा. तो ‘इंडियन सॅमन’ नावाने विकला जात असला तरी त्याचं कूळ वेगळं आणि चरबी कमी. म्हणून पहिलं भाजणं दोन-तीन मिनिटांनी आटोपतं घ्यावं. भाजण्याने काही हरवतं हेही खरं: कच्च्या सॅमनचा लुसलुशीतपणा आणि सुशी वळणाऱ्या हाताचं कसब यांची भरपाई ओव्हन करू शकत नाही. पण तो त्या कसबाशी स्पर्धाही करत नाही. घरी चार माणसांना एकाच वेळी गरम जेवण वाढायचं असेल, तर मोजमाप त्या गरजेचं लावावं. पुढच्या लेखांकात याच नात्यातला दोरिआ, त्याच्या पांढऱ्या सॉससह.