काळ्या रानांतील कोरफड

कोरफड उन्हानें मरत नसून पावसानें मरते, ही गोष्ट आमच्या शेतकरी बंधूंपैकीं थोड्यांच्याच ध्यानांत असते. सन २०१३ च्या मे महिन्यांत नागपुरीं पारा ४७ अंशांपलीकडे गेला होता. तशा उन्हांतही हें झाड तग धरतें. पानें तांबूस होऊन आखडतात, इतकेंच. तेंच झाड श्रावणांत बुडापासून सडून अलगद हातांत येतें.

याचें कारण झाडाच्या घडणींतच आहे. खोड आंखूड, आणि त्याभोंवतीं जाड पानें कमळाच्या पाकळ्यांप्रमाणें दाटीनें बसलेलीं. इतर बहुतेक झाडांचीं रंध्रें दिवसां उघडीं असतात. कोरफड तीं मुख्यतः रात्रीं उघडते, म्हणून तिचें पाणी फारसें उडून जात नाहीं. मुळें मात्र उथळ असून त्यांस हवा लागते. आमची काळी जमीन पावसांत फुगते, भेगा बुजतात, पाणी मुळांशीं कोंडतें व मूळ कुजतें.

सबब भारी काळ्या रानांत कोरफड सपाटीवर लावूंच नये. मुरमाड, उताराची पट्टी पाहावी. ती नसल्यास फूटभर उंच वरंबे करून त्यांत मुरूम मिसळावा व माथ्यावर लागण करावी. लागणीस बुडाशीं फुटलेलीं वीतभर पिलें घ्यावीं. तुटलेला भाग तीन-चार दिवस सावलींत सुकूं द्यावा. ओल्या जखमेंतून सड शिरते. नुसतें पान मातींत पुरून सहसा झाड होत नाहीं. पाऊस ओसरल्यावर, आश्विनांत, दोन-दोन फुटांवर लावावें. एकरीं सुमारें १०,८९० पिलें बसतात. नंदनवनांत आमच्या अंगणांतल्या कुंड्यांसही हाच नियम आम्ही लावतों: बोटभर माती कोरडी झाल्यावांचून पाणी नाहीं, आणि तेंही बुडाशीं, पोंग्यांत नाहीं.

वर्षभरानें बाहेरचीं खालचीं पानें कापावीं. कापल्यावर निघणारा पिवळा, कडू चीक तीव्र रेचक आहे. पानें उभीं ठेवून तो निथळूं द्यावा. हाच वाळविला म्हणजे काळा बोळ होतो. गरोदर स्त्रियांनीं तो पोटांत घेऊं नये.

आतां विक्रीचें. गरांत शेंकडा ९८ हून अधिक पाणीच असतें. म्हणजे दूरच्या कारखान्यास माल धाडतांना गाडीभाडें आपण पाण्याचें भरतों. शिवाय तोडलेलें पान लौकर बिघडतें. रोपें विकणाराच जेव्हां पुढें माल घेण्याचें तोंडी वचन देतो, तेव्हां तर फारच जपावें. त्याचे पैसे आज वसूल होतात. आपला माल निघावयास वर्ष उलटतें. भाव, वजन कोठें करावयाचें, वाहतूक कोणाच्या शिरीं, हें सर्व कागदावर सहीनिशीं घ्यावें. आमची हयात महसुली दप्तरांत गेल्यामुळें कागदाचा आग्रह आम्हांस अंमळ अधिक आहे, हें खरें. पण तोंडी वचन कोणत्याच दप्तरीं दाखल होत नाहीं.

खरेदीदार नक्की होईपर्यंत बांधावर शंभर पिलें लावून ठेवावीं. पुढें तींच नवीं पिलें देतात, आणि एकर लावावयाचें ठरलेंच तर रोपांस पैसा घालावा लागत नाहीं.