तेल उचलते, टेकू धरतो

घोटी हे भाताचे गाव. इगतपुरी तालुक्यात पाऊस मुसळधार, म्हणून भातही भरपूर. दिवाळीच्या सुमाराला कापणी होते, मळणी होते आणि भात घोटीच्या गिरण्यांत येते. पूर्वी ते बैलगाडीतून यायचे. आता बहुतेक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येते. शेतात शेणखत न्यायचे, रस्त्यावर मुरूम टाकायचा, तेही काम ट्रॉलीच करते.

काही ट्रॉल्या साध्या असतात. फाळका उघडायचा आणि फावड्याने माल ओढायचा. काही ट्रॉल्यांचा हौदा आपोआप वर उचलला जातो. ड्रायव्हर एक दांडा सरकवतो. हौद्याचे पुढचे तोंड वर होते आणि माल मागे घसरतो. हिला हायड्रोलिक ट्रॉली म्हणतात.

एवढे ओझे कोण उचलते? तेल उचलते!

तेलात एवढी ताकद कुठून येते?

एक पिशवी पाण्याने भरा. तिला टाचणीने चार भोके पाडा. आता पिशवी एकाच जागी दाबा. पाणी चारही भोकांतून उडते, नाही का? दाब एका जागी दिला, तो सगळीकडे पोचला.

फ्रान्स देशात पास्कल नावाचा विद्वान होऊन गेला. तो १६२३ साली जन्मला आणि १६६२ साली वारला. कोंडलेल्या पाण्यावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा नियम त्याने सांगितला. पुढे १७९५ साली इंग्लंडात ब्रामा नावाच्या कारागिराने या नियमावर चालणारे दाबयंत्र काढले.

आता हिशेब बघा. एक नळी नखाएवढी, म्हणजे १ चौरस सेंटिमीटर तोंडाची. दुसरी पेल्याच्या तोंडाएवढी, म्हणजे ५० चौरस सेंटिमीटरची. दोन्ही तळाशी जोडल्या आणि तेलाने भरल्या. लहान नळीत १० किलोचा जोर दिला, तर मोठ्या नळीत ५०० किलोचे ओझे उचलले जाते. पण फुकट काहीच मिळत नाही, बरं का! मोठ्या नळीतले ओझे १ सेंटिमीटर चढायला लहान नळीतला दट्ट्या ५० सेंटिमीटर खाली जावा लागतो.

ट्रॅक्टरच्या पोटात तेलाचा पंप असतो. तो पाईपातून तेल जॅकमध्ये ढकलतो. जॅक म्हणजे एकात एक बसणाऱ्या जाड नळ्या. तेल आत शिरले की नळ्या बाहेर येतात आणि हौदा उचलतात. दांडा उलटा सरकवला की हौद्याच्या वजनाने तेल परत जाते आणि हौदा खाली येतो. जेसीबीचा हात याच नियमावर चालतो. मोठ्या नावांच्या मागे पोहणाऱ्यांसाठी पाण्यात उतरणारी फळी असते, तीही अशीच वरखाली होते.

बिघाड झाला तर आधी काय बघावे?

ट्रॉली अडली की लगेच पंप खोलू नका. आधी सोपे बघा, मग अवघड. आधी फुकटचे बघा, मग खर्चाचे.

हौदा उचलतच नाही. माल जास्त भरला आहे का? सगळा माल पुढच्या बाजूला आहे का? मग तेल बघा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. हौदा पूर्ण खाली आणा. इंजिन बंद करा. मगच तेल मोजायची पट्टी बाहेर काढा. हौदा वर असताना मोजू नका. त्या वेळी बरेच तेल जॅकमध्ये गेलेले असते. तेल कमी दिसते, आपण जास्त ओततो आणि हौदा खाली आला की ते उतू जाते. तेल बरोबर असेल, तर पाईपाचा जोड बघा. तो अर्धवट बसला तर तेल पुढे जात नाही. त्यानंतर तेल गाळणारा फिल्टर बघा. तो कचऱ्याने भरला असेल. हे सगळे ठीक असेल, तरच पंपावर संशय घ्या.

हौदा धक्के देत चढतो. तेलात हवा शिरली आहे. तेल कमी असेल किंवा पंपाकडे येणारा पाईप ढिला असेल. जोड घट्ट करा, तेल पुरे करा. मग रिकामा हौदा चार-पाच वेळा वरखाली करा.

पंप घरघरतो. पंपाला तेल पुरत नाही. तेल आणि फिल्टर ताबडतोब बघा. असाच चालवला तर पंप जाईल.

हौदा चढतो, पण आपोआप खाली बसतो. तेल कुठून तरी सुटते आहे. जॅक बाहेरून ओला असेल, तर बहुधा त्याचे सील झिजले आहे. जॅक, पाईप आणि जोड कोरडे असतील, तर दोष बहुधा दांड्याखालच्या वाल्वमध्ये आहे. हे काम मिस्त्रीचे.

तेल दुधासारखे दिसते. तेलात पाणी गेले आहे. आपल्याकडच्या पावसात हे फार होते. अशा तेलाने आतले भाग गंजतात. तेल बदला आणि पाणी कुठून शिरले तेही शोधा.

आणखी एक सांगायचे. ओझे फार झाले, की तेल परत सोडणारा एक वाल्व असतो. “जरा पिळला की जास्त उचलेल,” असे कोणी म्हणेल. त्याचे ऐकू नका. त्या वाल्वमुळेच पाईप फुटायचा वाचतो.

बिघाड होऊ नये म्हणून

तेलाचा खरा वैरी धूळ. पाईप जोडण्याआधी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसा. पाईप सोडला की तोंडांवर टोपणे लावा. पाईप सोडताना हौदा खाली हवा, इंजिन बंद हवे आणि दांडा सरकवून आतला दाब काढलेला हवा.

पावसात हौदा वर करून ठेवू नका. जॅकच्या चकचकीत नळ्यांवर गंज चढतो आणि गंजाची धार सील कापते. पाईपाला चिरा पडल्या, फुगा आला, तर चिंधी बांधून भागवू नका. नवा पाईप घाला. हौद्याच्या बिजागऱ्यांना ग्रीस द्या.

तेल कोणते घालायचे? हाताला लागेल ते घालू नका. ट्रॅक्टरबरोबर कंपनीचे पुस्तक मिळते. त्यात तेलाचे नाव आणि नंबर असतो. डब्यावरही तो छापलेला असतो. तुम्ही आता वाचायला शिकलात. दोन्ही नावे ताडून बघा. तेल कधी बदलले, ती तारीख वहीत लिहा.

जिवाची गोष्ट

आता सगळ्यात मोठी गोष्ट. हौदा वर आहे आणि खाली काही अडकले आहे. कोणी म्हणते, “आलोच एका मिनिटात,” आणि खाली शिरते. नको रे बाबा! तो हौदा फक्त तेलावर उभा आहे. पाईप फुटला, कोणाचा हात दांड्याला लागला, तर हौदा डोळ्याचे पाते लवायच्या आत खाली येतो. ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही.

म्हणून आधी हौदा रिकामा करा. मग हौदा आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये मजबूत लोखंडी टेकू लावा. विटा, दगड, कुजके लाकूड चालणार नाही. हौदा टेकूवर बसू द्या. इंजिन बंद करा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मगच खाली जा. पोरांना जवळ येऊ देऊ नका.

गळती हाताने चाचपू नका. बारीक भोकातून सुटलेली तेलाची धार सुईसारखी कातडीत शिरते. जखम काटा टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही. पण आत तेल पसरते आणि हात गमवायची पाळी येते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नका. तडक मोठा दवाखाना गाठा आणि “दाबाचे तेल शिरले” असे डॉक्टरांना सांगा. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा. तो ओला झाला की जागा सापडते.

हौदा वर करताना आधी वर बघा. विजेच्या तारा आहेत का? मग खाली बघा. जमीन सपाट आणि घट्ट आहे का? बांधावर किंवा चिखलात एक चाक रुतले, तर उचललेली ट्रॉली कलंडते. हौदा वर ठेवून रस्त्याने चालू नका.

तेल गडी चांगला आहे. ५०० किलो उचल म्हटले तर उचलतो. पण उचललेले धरून ठेवायचे काम त्याच्यावर टाकू नका. ते काम टेकूचे. ट्रॉलीच्या फाळक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: “टेकू लावल्याशिवाय खाली जाऊ नये.” लिहिता येते ना आता? मग आजच लिहा. ज्याला वाचता येत नाही, त्याला वाचून दाखवा.