वळीव यायच्या आधी

ईस्टरपासून मोजत पन्नासावा दिवस पेंटेकॉस्टचा. तो बहुतेक वेळा मेच्या शेवटच्या पंधरवड्यात किंवा जूनच्या आरंभी येतो. मुलांना सुट्टी असते, भंडारदऱ्याला काजवे दिसू लागलेले असतात, म्हणून वसईतल्या आमच्या धर्मग्रामाचा युवा गट शिबिरासाठी हाच शनिवार-रविवार धरतो. अडचण एवढीच की वळीवही हेच दिवस धरतो.

शिबिराचं अर्धं काम जागा निवडण्यात असतं. १९२६ साली बांधून झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी मे अखेरीस बरंच उतरलेलं असतं. काठची सपाट, मऊ जमीन उघडी पडते आणि शहराकडून आलेल्या कुणालाही वाटतं, तंबूसाठी याहून चांगली जागा नाही. पोरं सॅक टाकून मोकळी झाली होती. ज्यांच्याकडे जेवणाची सोय होती ते बाबा लांबूनच ओरडले, "तिथं नका ठोकू रं! गाळात मेख धरत नाय. अन् सांजच्याला वारा पाण्यावरूनच येतो." मग सगळं सामान उचलून त्यांच्या घराच्या मागच्या मुरमाड उतारावर नेलं. झाडापासून लांब, घरापासून हाकेच्या अंतरावर आणि पाणी वाहून जाईल इतपत उतार. आंब्याखाली सावली छान होती, पण वादळात फांदी मोडते आणि विजेला उंच झाडच आधी सापडतं.

तंबू उभा करणं सोपं असतं. दोन लवचिक काठ्या ओवल्या की घुमट तयार. तो उभा राहिला की पोरं फोटो काढायला लागतात आणि तणावे पिशवीतच राहतात. वादळात तंबू तगतो तो तणाव्यांवर. मेख सरळ ठोकायची नाही. तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं, म्हणजे दोरी ओढली गेली तरी ती जमिनीतून उपसून येत नाही. मुरूम खरवडला की खाली काळा कातळ लागतो, तिथे मेख वाकते. अशा ठिकाणी दोरी जड दगडाला बांधायची आणि त्या दगडावर दुसरा दगड ठेवायचा. केळीच्या वाडीत वाढलेल्या एका मुलाला हे सांगावंच लागलं नाही. दरवर्षी घडांना टेकू देणारा तो. त्याने वाऱ्याची बाजू पाहिली, दारं उलट दिशेला करायला लावली आणि खाली अंथरलेल्या ताडपत्रीच्या बाहेर डोकावणाऱ्या कडा आत दुमडून घेतल्या. त्या बाहेर राहिल्या तर वरून ओघळणारं पाणी गोळा करून ताडपत्री ते थेट अंथरुणाखाली नेते.

चार वाजेपर्यंत अंगाची लाही होत होती. मग रतनगडाच्या बाजूला ढग फुलकोबीसारखे वर चढू लागले. दिवसभर तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली वाफ आणि तिला वर रेटणारा सह्याद्री, वळवाला आणखी काय लागतं? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजा दाखवतं, पण डोंगरात रेंजचा भरवसा नाही. म्हणून घड्याळ. वीज चमकली की मोजायला लागायचं. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर येतो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तंबू सोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत परतायचं नाही. कापडी तंबू विजेपासून काडीचंही संरक्षण देत नाही. पक्कं घर किंवा पत्र्याची बंद बस, हेच दोन आसरे.

संध्याकाळची मिस्सा उघड्यावर, पाण्याकडे तोंड करून व्हायची होती. टेबलावर पांढरं कापड पसरलं होतं, गिटार जुळवून झाली होती. वीज चमकली. गटाच्या ताईंनी मोजलं, बावीस सेकंद. त्या फादरांकडे वळल्या. "फादर, आता नको." दोन-चार चेहरे उतरले. कुणीतरी म्हणालं, "आधी प्रार्थना करू, पाऊस थांबेल." फादर कापडाची घडी घालत म्हणाले, "प्रार्थना करूच. छपराखाली."

निम्मी पोरं घरात, निम्मी बसमध्ये. ताईंनी यादी वाचून डोकी मोजली, मग पुन्हा मोजली. आधी थंडगार वाऱ्याचा लोट आला, त्यापाठोपाठ धूळ आणि मग आडवा पाऊस. खिडकीतून दिसत होतं, वाऱ्यासमोर प्रत्येक तंबू एका अंगाने दबत होता आणि तणाव्याच्या ओढीने परत उभा राहत होता. एक मात्र लोळला. त्याचे तणावे पिशवीतच होते. घरच्या मावशींनी पाऊस यायच्या आधीच सरपण आत घेतलं होतं, म्हणून चूल पेटली. पिठलं-भाकरी झाली. सोबत वसईहून आणलेली सुक्या बोंबलांची चटणी फिरली.

पाऊस ओसरल्यावर खरी फेरी असते. नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते आणि बाहेरचं कापड आतल्या कापडाला चिकटतं. चिकटलं की तिथून पाणी आत झिरपतं. म्हणून प्रत्येक तणावा पुन्हा ताणायचा. जुन्या सुती दोरीचं उलटं. ती भिजून आखडते, सैल केली नाही तर मेख उपटते. बॅटऱ्या घेऊन पोरं जोडीजोडीने फिरली. लोळलेल्या तंबूतली चौघं घराच्या पडवीत झोपली.

मिस्सा रविवारी सकाळी त्याच पडवीत झाली. फादरांनी सणाचा लाल पोशाख घातला होता. त्या दिवशीचं वाचन प्रेषितांच्या कृत्यांमधलं, घरभर घुमणाऱ्या वाऱ्याचं. वाचणाऱ्या मुलीला त्या ओळीपाशी हसू आवरेना, आणि मग कुणालाच आवरेना.

तंबू ओलेच गुंडाळले, दुसरा इलाज नव्हता. पण ओला तंबू पिशवीत राहिला की बुरशी धरतो आणि कापडावरचा जलरोधक थर सुटू लागतो. म्हणून सोमवारी संध्याकाळी गट पुन्हा जमला, धर्मग्रामाच्या सभागृहात दोऱ्या बांधून तंबू पंख्याखाली टाकले, चिखल पुसला, वाकलेल्या मेखा वेगळ्या काढल्या. या कामाला शनिवारपेक्षा कमी पोरं आली. जी आली, त्यांच्याकडेच ताईंनी पुढच्या वर्षीच्या सामानाची यादी सोपवली. यादीत सगळ्यात वर लिहिलंय : लांब मेखा, दोन हातोड्या. तारीख बदलायची सूचना कुणीच केली नाही.